मुकी घुंगरं

संकासुराच्या टोपीखाली कोण आहे, हे विचारायचं नसतं. आमच्याकडे पोर चालायला लागलं की पहिल्या शिमग्यालाच ते त्याला शिकवतात. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच निमुळती काळी टोपी, ती थेट गळ्यापर्यंत उतरलेली, डोळ्यांपुरती भोकं, पांढऱ्या सुताची दाढी, हातात दोरीचा आसूड आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. शिमग्यात घरोघर नाचत फिरणाऱ्या खेळ्यांबरोबर तो येतो, पोरांच्या मागे धावतो, आणि त्याच संकासुराच्या पायाशी आया आपली तान्ही मुलं ठेवतात. टोपी चढली की आतला माणूस तो माणूस राहत नाही. त्याला नावाने हाक मारायची नाही, टोपीला तर हातच लावायचा नाही.

माझे वडील अंजनवेलच्या बाजूला आमच्या गावात बरीच वर्षं संकासूर व्हायचे. घरातून निघताना ते आम्हाला काही सांगत नसत, आणि आम्हीही, त्यांच्या टाचेवरची भेग ओळखीची असूनही, गप्प बसायचो. घुंगरं कशाला बांधायची, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "अगो, पोरांना लांबनं कळाया नको? भ्यायला मजा वाटली पाहिजे. न वाजता मागनं आला तर तो संकासूर नाय, चोर." मी हसले आणि विसरून गेले.

लग्न होऊन मी रत्नागिरीत आले, भाट्याच्या खाडीकाठी, आमच्या वाडीत. नवरा आखातात बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो. मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. माझं तोंड फटकळ आहे हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. माप द्यायला आलेली बाई पोट आत ओढून उभी राहिली की मी तिला तोंडावर सांगते, श्वास सोड बाय, नाहीतर तुलाच काचेल. पण शिलाई चांगली आहे, म्हणून बायका ऐकून घेतात.

मला दोन मुलं. मोठा मुलगा, आणि त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान मुलगी. मुलगी जन्मापासून कमी ऐकते. तिच्या कानामागे मशीन आहे. त्याला आमच्या घरात "कानातलं" म्हणतात. ते लावलं की तिला बरंच ऐकू येतं, काढलं की समोर ढोल वाजला तर पायांना कळतो तेवढाच. बोलते, पण शब्द जाड निघतात. वाडीतली पोरं तिच्यासारखं बोलून दाखवायची, "आँ, आँ" करायची. मी ऐकलं की मापाची पट्टी घेऊन बाहेर यायचे, पोरं पळायची. रोज सकाळी मी मुलाला एकच वाक्य सांगायचे, बहिणीला सांभाळ. तोही मान हलवायचा.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी पोरांनी ठरवलं की आपला पण संकासूर करायचा. मोठ्यांचा वेगळा, तो देवाचा. हा पोरांचा, संध्याकाळी वाडीत खेळायचा. मुलगा माझ्याकडे झगा मागायला आला. उरलेलं काळं अस्तर होतं, मी हौसेने शिवून दिला, दुहेरी शिवण मारून, टोपीसकट. वडील गेल्यावर त्यांचा घुंगरांचा पट्टा मी आणून खुंटीला लावला होता, तोही दिला. खुंटीवर धूळ खाण्यापेक्षा नातवाच्या कमरेला वाजेल, असं वाटलं. पोरं आळीपाळीने संकासूर व्हायची, आणि आत कोण ते कुणी सांगायचं नाही, हा नियम त्यांनीही पाळला.

सुरुवातीचे दिवस मी विसरणार नाही. मुलगी एकटी एकच काम करायची, संध्याकाळी रस्त्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी आणायची. त्या कामाचा तिला फार तोरा होता. मला सोबत येऊ द्यायची नाही. एके दिवशी ती धापा टाकत, हसत घरात शिरली आणि म्हणाली, "आई, छुम छुम! लांबून! मी पळाले!" मी शिलाई करत होते, मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नव्हतं. माझ्या मुलीने माझ्या आधी काहीतरी ऐकलं होतं. मी पायडल थांबवलं आणि डोळे पुसले, काय लपवायचं त्यात.

मग ती हसेनाशी झाली.

आधी गुडघा खरवडून आली. मग एकदा दूध सांडून, रिकाम्या हाताने. एकदा तर फ्रॉक ओला करून आली आणि न्हाणीत जाऊन कडी लावून बसली. मी विचारलं तर म्हणाली, "संकासूर मागून आला. वाजला नाही." कानातलं होतं ना, म्हटलं. होतं. चालू होतं ना? होतं. "मग वाजला नाही कसा?" तिने कानाला हात लावला आणि खाली बघितलं. तिला वाटत होतं, चूक कानाची आहे.

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. शेजारच्या बाईचा मुलगा त्या टोळीत सगळ्यात दांडगा, "आँ, आँ" करण्यात पहिला. मी तिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभी राहिले आणि तोंडाचा पट्टा सोडला. पोराला आवर, नाहीतर मी आवरीन, पोरगी बिचकून रस्त्यावर गेली आणि गाडीखाली आली तर तू भरून देणार आहेस का? ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "पोरां हायत गो ती. शिमग्यात नाय मस्करी करणार तर कधी करणार? आणि आत माझाच होता हे तुला कुणी सांगितलं? संकासुराला नाव असतंय का?"

आणखी दोन घरी गेले. तिथेही तेच. आत कोण होतं कुणास ठाऊक. टोपी घातलेल्याचं नाव घेत नाहीत, तू तर संकासुराची लेक, तुला कळायला नको? हे ऐकून मी माघारी वळले, कारण मला ते कळत होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं बडबडत मी घरी आले. मुलगा दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, तुझे मित्र आहेत ना, तू काय करतोस तिथे? तो म्हणाला, "मी सांगतो त्यांना." मला तेवढ्याने धीर आला.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, उगाच वाडीत वैर करू नकोस, मी तिकडे नाही, आधी तिचे कान तपासून घे. तेही बरोबर होतं. कानातलं घेऊन मी शहरात गेले. दुकानातल्या माणसाने ते उघडलं, साफ केलं, आवाज लावून बघितला. "मशीन एकदम व्यवस्थित आहे," तो म्हणाला. "तरी ऐकू येत नसेल तर कान आणखी उतरला असेल. डॉक्टरांना दाखवा, तपासणी करावी लागेल." मुलगी त्याच्या ओठांकडे बघत होती. "उतरला" हा शब्द तिने तिथेच उचलला.

डॉक्टरांनी शिमग्यानंतरची वेळ दिली. तोपर्यंत थांबायचं. मुलीने कानातलं डबीत ठेवलं आणि डबी देव्हाऱ्यामागे सारली. शाळेत जाताना मी ओरडले की लावायची, घरी आली की काढायची. दुधाला जाणं तर बंदच. मी तिच्याशी बोलायचे तेव्हा ती समोर असली तरी माझ्याकडे बघायची नाही, म्हणजे तिला कळायचं नाही, म्हणजे बोलणंच नको. एका संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "थोडेच होते ना कान? ते पण संपले?" मला भीती वाटत होती की हो, संपतायत.

वाडीत रोज तिन्हीसांजेला पोरांचा आरडाओरडा चालायचा. मी कान देऊन ऐकायचे. कधी घुंगरं वाजायची, कधी वाजायची नाहीत. तेव्हा नुसत्या पळणाऱ्या पायांचा आवाज यायचा आणि मग हसणं. मला वाटायचं, मशीनच्या खडखडाटात आपलं लक्ष नसेल.

शेवटी मीच तिला उठवलं. असं घरात कोंडून घेतलं तर ती कायमची घरातच बसेल, ही दुसरी भीती. कानातलं लावलं, हातात पैसे दिले, म्हटलं, चल, तू पुढे, मी मागे आहे. ती निघाली. दर थोड्या वेळाने वळून माझ्याकडे बघायची. मी हात वर करायचे. उजेड अजून होता. वाडीची पाखाडी, दगडी पायवाट, जिथे रस्त्याला लागते तिथे चिऱ्यांचा गडगा आहे, छातीइतका उंच. पलीकडे डांबरी रस्ता, त्यावरून चिरे भरलेले ट्रक जातात. दुकान समोर दिसलं तशी तिने वळून बघणं थांबवलं, पाठ ताठ केली आणि भरभर चालू लागली. मला बरं वाटलं.

गडग्याआडून संकासूर निघाला.

मी सगळं बघितलं. तो दोन्ही हात वर करून उड्या मारत तिच्या मागे गेला, झगा हलत होता, कमरेचा पट्टा वरखाली आपटत होता, आणि आवाज नव्हता. माझे दोन्ही कान धड आहेत, आणि मला काही ऐकू आलं नाही. आधी मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय. मग त्याने तिच्या खांद्यावर आसूड टाकला. ती किंचाळली आणि समोर, सरळ रस्त्यावर धावली.

ट्रकवाल्याने ब्रेक मारले. टायर ओरडले, मागचे चिरे एकमेकांवर आदळले. ट्रक थांबला तेव्हा ती त्याच्यापुढे रस्त्यावर बसलेली होती, दोन्ही तळहात कानांवर ठेवून. मधे एखादी म्हैस बसेल एवढी जागा होती, जास्त नाही.

संकासूर जागीच खिळला होता. मी त्याच्यापर्यंत पोचले आणि त्याचा झगा धरला. दुसरा हात टोपीवर गेला. टोपीचं टोक माझ्या मुठीत होतं, ओढायचाच अवकाश होता, आणि मी ओढलं नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, हात आपोआप थांबला. तेवढ्यात त्याने हिसका दिला. झगा माझ्याच दुहेरी शिवणीमुळे फाटला नाही, पण पट्ट्याची गाठ सुटली. तो पळाला, पट्टा माझ्या हातात राहिला. गडग्यामागची बाकीची पोरंही पळाली. मी मुलीला उचललं, ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि घरी आले. दूध राहिलं.

तिचे तळहात धुतले, हळद लावली, तिला झोपवलं. मग पट्टा मशीनवर ठेवून दिवा लावला. हलवून बघितला. ठप्प. एकेक घुंगरू बघितलं. प्रत्येकाच्या फटीत कापडाची चिंधी कोंबलेली, आतला खडा हलूच नये अशी, दाबून. मी सुईने एक चिंधी ओढून काढली.

जांभळी होती. चमकती जांभळी, आत रुपेरी धागा. ते कापड मला ओळखायला दिव्याची गरज नव्हती. एका गिऱ्हाइकाच्या लेकीच्या लग्नाचं ब्लाउजपीस, तिने मुंबईहून आणलेलं. ते माझ्या घरात आलं, माझ्या कात्रीखाली गेलं आणि तयार होऊन अजून माझ्याच घरात खुंटीला लटकत होतं. त्याची कात्रणं मशीनखालच्या टोपलीत. त्या टोपलीत हात घालणारी माणसं दोनच, मुलगी बाहुलीचे कपडे करायला, आणि दुसरा.

तेवढ्यात शेजारची बाई दारात आली. रस्त्यावरचं कानावर गेलं असणार. आत यायच्या आधीच म्हणाली, "माझा घरीच होता हां. अभ्यासाला बसलेला. शपथ." मी पट्ट्यावर अर्धवट शिवलेला परकर ओढला. पट्टा मुका होता, त्याने मला साथ दिली. "आत कोण होता, बघितलंस?" तिने विचारलं. मी म्हटलं, "संकासुराचं नाव घेतात का?" ती बरं म्हणून गेली. त्या क्षणी मला माझी किळस आली, हे सांगितलं पाहिजे. तिच्या तोंडचं वाक्य मी सुपातून उचलल्यासारखं उचललं होतं.

मुलगा दिवेलागण उलटून गेल्यावर आला. अंगावर झगा नव्हता. तो सरळ बहिणीकडे गेला, ती झोपलीय हे बघितलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी जांभळी चिंधी मशीनवर ठेवली. तो रडला नाही. म्हणाला, "माझी पाळी होती."

आणि चिंध्या?

"तिला लांबून ऐकू यायला लागलं. ती पळून जायची. मजा नाय म्हणाले सगळे. म्हणाले, तुझी आई शिवते, तू आण काहीतरी." मग थोड्या वेळाने, "मला बहिरीचा भाऊ म्हणतात. शाळेत पण. तू रोज सांगतेस सांभाळ, सांभाळ. मी तिच्याबरोबर असलो की मला खेळायला घेत नाहीत. हे केलं तेव्हा घेतलं."

मी हात उगारला होता, तो तसाच खाली आला. आपलेच दात, आपलेच ओठ. मारून काय, न मारून काय. मी त्याला एवढंच म्हटलं, तिला वाटतं तिचे कान मेले. तुला माहीत होतं? तो म्हणाला, हो. मग मात्र तो रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. मला जमलंच नाही.

नवऱ्याचा फोन आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्याला काय करायचं ते कर. पण तिला सांगू नकोस. उद्या आपण नसू. तिला त्याच्याशिवाय कोण आहे?" मला राग आला, कारण मीही तेच म्हणत होते, मनात. सांगितलं नाही तर भाऊ राहतो, पण ती कानातलं देव्हाऱ्यामागेच ठेवणार, आपला कान मेला म्हणून घरात बसणार. सांगितलं तर कान परत मिळतो, आणि भाऊ जातो. अशी कात्री माझ्या हातात आजवर आली नव्हती.

सकाळी मी मुलाला घेऊन आधी शेजारच्या खळ्यात गेले. मी तिथे ओरडून आले होते, तेव्हा तिथेच बोलायला हवं होतं. म्हटलं, काल आत माझा होता. घुंगरांत चिंध्याही त्यानेच कोंबल्या. तुझ्या पोराने आणि बाकीच्यांनी आपापल्या पाळीला तेच केलंय, ते तुझं तू बघ, पण काल माझा होता. मुलगा मान खाली घालून उभा. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझी जिरली म्हणून तिला आनंद होईल असं वाटलं होतं. पण तिचा चेहरा मऊ झाला. ती जवळ आली, माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "जाऊ दे गो. पोरां हायत."

मला बरं वाटलं. त्याच वाक्याने माझ्या अंगाची लाही झाली होती, आणि आता त्याच वाक्याने मला इतकं बरं वाटलं की तिथेच बसावं, चहा घ्यावा आणि विषय संपवावा. वाडीतल्या सगळ्या आया हे वाक्य एकमेकींना का देतात, ते मला कळलं. मी तिचा हात काढला आणि म्हटलं, "नाय. पोरं आहेत म्हणूनच." आणि घरी आले.

मुलगी जागी होती, तळहात बघत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, माझे ओठ दिसतील अशी. डबी काढून कानातलं तिच्या कानामागे लावलं. म्हटलं, तुझे कान उतरले नाहीत. घुंगरं वाजतच नव्हती. तिने विश्वास ठेवला नाही. मी पट्टा हलवला. ठप्प. मग एका घुंगरातून सुईने चिंधी ओढली आणि ते तिच्या कानापाशी नाही, लांब, पार खिडकीजवळ नेऊन हलवलं.

छुम.

तिने झटकन बघितलं. पुन्हा हलवलं. ती हसली. अशी हसली की मला वाटलं, इथेच थांबावं, नवरा म्हणतो तेच खरं. ती उठली, पट्टा माझ्या हातातून घेतला, दुसरी चिंधी स्वतः काढली, वाजवलं, तिसरी काढली. चौथी हातात घेऊन थांबली. उजेडात धरली. जांभळी, आत रुपेरी धागा. तिच्या बाहुलीच्या अंगात त्याच कापडाचा परकर होता.

तिने टोपलीकडे बघितलं. मग दाराकडे. तो तिथे उभा होता.

"दादा?" तिने विचारलं. त्याला नाही, मला.

मी म्हटलं, "हो."

शिमगा सरतो, कवित्व उरतं म्हणतात. डॉक्टरांनी कान होते तेवढेच आहेत म्हणून सांगितलं. बाकीच्या पोरांचं त्यांच्या घरी काय झालं मला माहीत नाही, पण आता कुणी "आँ, आँ" करत नाही, निदान मला ऐकू येईल असं नाही. मुलगी कानातलं सकाळी स्वतः लावते, दुधाला एकटी जाते. मुलगा बदललाय. तिच्या जवळून जायचं असलं की आधी खोकतो, पाय आपटतो, भांडं वाजवतो. मी त्याला हे शिकवलेलं नाही.

तिला सगळं ऐकू येतं. तरी जेवताना तो पाणी घ्यायला तिच्या मागून गेला की ती घास हातात धरून थांबते, वळून बघते, आणि तो पुढे गेल्यावरच खाते.